सोळा आण्यांची कंपनी

शेवटचा चहा मी आणि पार्टनरने सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर घेतला. एक कप, दोन बश्या. माझी बायको आत होती, भेटायला सोडायची वेळ व्हायची होती. चहावाल्याचा रेडिओ नुसता खरखर करत होता. ह्याने तो मांडीवर घेतला, मागचं झाकण काढलं, माझ्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली आणि तिच्या टोकाने आत कुठेतरी दाबलं. मग खोकणाऱ्या पोराची पाठ चोळावी तशी रेडिओची पाठ चोळली. बातम्या लागल्या.

"झालं पार्टनर," तो चहावाल्याला म्हणाला. "आता याच्यात दोन पैशाचा हिस्सा माझा. फक्त वाईट बातमी लागली तर मले सांगजो नको."

चहावाला हसला. मी हसलो नाही. चहात साखर फार होती, एवढं आठवतं. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून साधं असं काहीच केलं नाही.

मी चौथी शिकलो. लिहायचा सराव नाही. बायकोबद्दल काही लिहून ठेवावं म्हणून बसतो, तर दरवेळी हा माणूस मध्ये येऊन बसतो. म्हटलं आधी ह्यालाच लिहून काढू.

त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तोच जगाला पार्टनर म्हणायचा, म्हणून जगही त्याला पार्टनर म्हणायचं. पानवाला पार्टनर, झाडूवाली पार्टनर, जिन्यात झोपणारं कुत्रं पार्टनर. लाइट गेली की दुकानाबाहेर यायचा, खापरखेड्याच्या वीजघराकडे तोंड करायचा आणि रस्त्यात उभं राहून हात जोडायचा. "या न पार्टनर. काहून रुसून राहिले?" लोक थांबून पाहत. त्याला फरक पडत नसे. मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. का, तर म्हणे उघड्या अंगाला करंट लवकर ओळखतो. बोटांवर सोल्डरचे डाग, नखं जळलेली. लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "ते तर पन्नास-पन्नास टक्क्याचं काम. मले जमत नाही."

सीताबर्डीच्या एका गल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रंगीत टीव्ही येऊन थोडी वर्षं झाली होती. सामान आणायला तो मुंबईला गेला आणि तिथे कुठेतरी त्याने व्हिडिओ गेमची मशीन पाहिली. परत आला तो टॉवेलात गुंडाळलेला, मशीनच्या आतला एक बोर्ड घेऊन. लोक मुंबईहून पोरांसाठी कपडे आणतात. हा तो बोर्ड छातीशी धरून थेट आमच्या इंदोऱ्याच्या घरी आला. मी तेव्हा कपाटं, पलंग करायचो. त्याच्या दुकानाची फळीही मीच मारून दिली होती, तेवढीच ओळख.

"पार्टनर, याले एक घर बांधून दे," म्हणाला.

मी मशीन कधी पाहिली नव्हती. त्याने हवेत हात हलवून सांगितलं ते मी केलं. केलं म्हणजे कपाटच केलं. दारसुद्धा लावलं.

"दार कायले बे? आत कोण राहाले येऊन राहिलं?"

आमची ही चुलीजवळून आली. कपाटासमोर उभी राहिली, हात पुढे धरले, जसं काही खेळते आहे. म्हणाली, "हे लय उंच झालं. हात लोंबते. मी पोळ्या लाटतो त्या ओट्याएवढं ठेवा. त्याच्यावर मी घंटाभर उभी राहतो, कंबर दुखत नाही."

तो ओट्याकडे गेला. वीत लावून ओटा मोजला. मग तिच्याकडे वळून हात जोडले. "वहिनी, आजपासून तुम्ही पार्टनर."

तिला वाटलं हा सगळ्यांनाच म्हणतो तसं म्हणतो आहे. तसं नव्हतं.

धंद्यातला हिस्सा आपल्याकडे आजही आण्यांत बोलतात. आणे चलनातून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. सोळा आणे म्हणजे अख्खी कंपनी. तो दुकान म्हणत नसे, कंपनीच म्हणायचा. पैसा आणि बर्डीच्या मोठ्या रस्त्यावरचा हॉल इतवारीतल्या एका कापडवाल्या शेठने दिला. मुंबईहून आणलेल्या बोर्डाचे पैसेही त्यानेच भरले. त्याचे सात आणे. पार्टनरचे सात आणे. उरलेले दोन माझ्या बायकोचे, कारण मशीनच्या पेट्या आमच्या घरून येणार होत्या. लाकूड आमचं, मेहनत आमची. घासायचं आणि सनमायका चिकटवायचं काम तिचंच होतं.

मी म्हटलं, "पेट्या मी बनवतो, अन् हिस्सा तिच्या नावावर काहून?"

"तुझा खोकला ऐकला मी. तू काही जास्त टिकत नाही. वहिनी आपल्या सगळ्यात लहान. अन् दात पाह्य कसे आहेत."

"भाऊजी, मी काय बैल आहे का?" ती आतून ओरडली. "दात पाहून घेऊन राहिले!"

हसलो आम्ही तेव्हा. पण तो गमतीने बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात एक कलम होतं आणि त्यासाठी त्याला जास्त दिवस जगणारं माणूस पाहिजे होतं.

ते कलम सांगतो. त्याच्या वडिलांचं दुसऱ्या एकाबरोबर ग्रामोफोनचं दुकान होतं, निम्मं-निम्मं. वडील गेले. भागीदाराने पाटी बदलली नाही. वडिलांचं नाव वर तसंच राहिलं, गिऱ्हाईक त्या नावाला येत राहिलं आणि ह्याची आई हिश्श्याचे पैसे मागायला महिन्यातून एकदा दुकानाच्या पायरीवर उभी राहू लागली. आत बसा असं कोणी म्हणत नसे. हा तिच्या लुगड्याला धरून उभा असायचा. "पाटीवर बाप, अन् पायरीवर माय," एवढंच बोलायचा, जास्त नाही. म्हणून आपल्या कंपनीच्या कागदात त्याने लिहवून घेतलं की जिवंत असेपर्यंत भागीदार आपला हिस्सा घरच्या माणसाला एका सहीने देऊ शकतो. मेल्यावर नाही. भागीदार मेला की कंपनी मेली. ज्याने जे आणलं त्याने ते उचलावं आणि घरी जावं.

वकील शहाणा होता. त्याने चष्मा काढून सांगितलं, "असं लिहू नका. धंदा माणसापेक्षा जास्त जगला पाहिजे."

"कायले?" ह्याने विचारलं.

वकिलाने चष्मा परत लावला. त्याने लिहून दिलं. शेठने वाचलं, मान हलवली, सही केली. आमच्या हिने अंगठा लावला आणि शाई पदराला पुसली. तो डाग मग गेलाच नाही.

शेठबद्दल एक सांगितलं पाहिजे. आमचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. पार्टनरचा नियम असा की कंपनीची मीटिंग भागीदाराच्या घरी, आणि जिथे मीटिंग तिथे जेवण. ही काही शिजवणं सोडून बाहेर जायची नाही, म्हणून मीटिंग आमच्याच स्वयंपाकघरात. पहिल्या शनिवारी शेठ आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि ताट पुढे आल्यावर म्हणाले, आज उपास आहे. दुसऱ्या शनिवारी पण उपास. पार्टनरने मीटिंग बुधवारी नेली. बुधवारीही उपास निघाला. शुक्रवार केला, तर शुक्रवारी शेठाणीचं व्रत.

हिने पोळी तव्यावर टाकत विचारलं, "शेठजी, एवढे उपास करता, म्हणून वाळून राहिले का?"

शेठ खुर्चीत मावत नव्हते. पार्टनर भिंतीला टेकून हसत हसत खाली बसला. शेठ लाल झाले, पण उठून गेले नाहीत. पुढच्या वेळी केळं खाल्लं. केळ्याला साल असते ना. मग ही दर मीटिंगला दोन केळी आणून ठेवायची, न सोललेली, ताटात वाढून. पार्टनर ते ताट स्वतः नेऊन शेठच्या पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "जेवा." वर्षानुवर्षं तो माणूस आमच्या घरी केळीच जेवला. मला राग यायचा. हिला येत नसे. "येते न बिचारा," म्हणायची.

चार मशीनी झाल्या. पडद्याला जुन्या टीव्हीच्या काचा, काळ्या-पांढऱ्या. त्यावर पार्टनरने रंगीत कागद चिकटवले, वर निळा, खाली हिरवा. एका मशीनमध्ये वरून शत्रू उतरायचे, एकीत तोंड वासून एक गोळा ठिपके खायचा, एकीत मोटार होती. चौथीत काय होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पोट्टे मात्र तुटून पडायचे. हिंगण्याच्या कारखान्यातली पोरं पाळी सुटली की मोटारसायकली थेट तिथे आणायची, अंगावरचं तेल तसंच.

नवी मशीन आधी आमच्या ओसरीत यायची. ही पदर खोचून समोर उभी राहायची, पार्टनर मागे. त्याचा नियम होता की वहिनी दोन वेळा खेळून काय करायचं ते समजल्या तर मशीन पास. नाही समजल्या तर तो बोर्ड परत खोलायचा. ती मरायची, म्हणजे पडद्यावर, आणि शिव्या द्यायची. "मेल्याहो, चारी बाजूनं येऊन राहिले! बाईमाणूस पाहत नाहीत!" पार्टनर मागून गंभीरपणे सांगायचा, "वहिनी, अजून एक जीव बाकी आहे तुमचा." ती परत चालू करायची. त्या आवाजाला गल्लीतली पोरं जमायची आणि आमच्या घरात जेवण उशिरा व्हायचं.

नोकर त्याने ठेवला नाही. टोकन विकणारा म्हातारा होता, त्यालाही आपल्या सात आण्यांतून तोंडी हिस्सा दिला होता. "नोकर मशीनले हात लावते," तो म्हणायचा. "पार्टनर मशीनची तब्येत पाहते." तो म्हातारा रोज सकाळी खरंच मशीनला तब्येत विचारायचा. वेड पसरतं.

मग मुंबईची एक कंपनी आली. तिची माणसं सफारी सूट घालून आली. त्यांच्याकडे परदेशी मशीनी होत्या, खऱ्या रंगाच्या. त्यांना नागपुरात हॉल पाहिजे होता, तोही मोठ्या रस्त्यावर. त्यांनी शेठला भागी देऊ केली. अटी दोन होत्या. आमच्या चार मशीनी तिथून हलल्या पाहिजेत आणि मेकॅनिक भागीदार नको.

शेठने मीटिंगमध्ये मांडलं. केळं हातात धरून मांडलं. पार्टनर नाही म्हणाला. मग त्याने हिच्याकडे पाहिलं. दोन आणे तिचे, आणि कागदाप्रमाणे तिघांचं एकमत झाल्याशिवाय कोणी बाहेरचा आत येऊ शकत नव्हता.

"तुमची कंपनी मोठी होईल बाई," शेठ म्हणाले. "तुमचे दोन आणे घेऊन टाकतील ते. चांगला पैसा देतील."

ती भाजी चिरत होती. "अन् ह्या भाऊजीले कुठी ठेवतील?"

"त्याचं तो पाहील न."

"मंग आमचं पण आम्हीच पाहतो," ती म्हणाली.

विषय संपला. शेठने केळं खाल्लं आणि गेले. शेठला वाईट म्हणता येत नाही. त्याने आम्हाला फसवलं नाही, धमकावलं नाही. तो नुसता थांबून राहिला.

त्याच वर्षी हिच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं सांगत बसत नाही. गाठ होती, पोट उघडलं आणि परत शिवून टाकलं. डॉक्टरने मला बाहेर नेऊन सांगितलं. तिला सांगितलं नाही, कारण मीच नको म्हटलं. ती घाबरट होती. पालीला घाबरायची. सांगितलं असतं तर रोगाआधी भीतीने गेली असती. मी घरच्यांना सांगितलं आणि पार्टनरला सांगितलं. दवाखान्याच्या भिंतीशी उभं करून सांगितलं, "तिले समजलं नाही पाहिजे. तुह्या तोंडून तर बिलकुल नाही."

त्याने सदऱ्याचं गळ्याचं बटण सोडून परत लावलं. मग म्हणाला, "नाही समजणार."

आता ह्याचा अर्थ काय होता तो पाहा. ती गेली की कंपनी गेली, ह्याच माणसाच्या हट्टाने लिहिलेल्या कलमाने. वाचवायला एकच रस्ता होता. जिवंतपणी तिचे दोन आणे माझ्या नावावर व्हायला पाहिजे होते. एक अंगठा. वकिलाने स्वतःच निरोपावर निरोप पाठवून कागद तयारही करून दिला. पार्टनरने तो घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. पण पलंगाशी जाऊन कागद पुढे केला म्हणजे झालं काय? बाई, तू चालली, हेच सांगणं झालं. ते न सांगायचं त्याने मला कबूल केलं होतं.

तो रोज यायचा. दुकान टोकनवाल्या म्हाताऱ्यावर टाकून यायचा. लोक काय बोलले ते मी ऐकलं. दोन आण्यांसाठी पायाशी बसतो म्हणाले. माझा साळा, तिचा धाकटा भाऊ, तोंडावर म्हणाला, "वाट पाहून राहिला का गा, अंगठ्याची?" पार्टनर म्हणाला, "हौ." आणि तिचा तांब्या भरून आणायला गेला.

शेठही आले एकदा, केळी घेऊन. तिच्याशी चांगलं बोलले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर पार्टनरला म्हणाले, "देख भाई, मी काही वाट पाहून नाही राहिलो. पण ते बंबईवाले पाहून राहिले. मी त्यांले काय सांगू?"

"सांगा, तब्येत ठीक आहे," पार्टनर म्हणाला.

संत्र्यांचे दिवस होते. नरखेडहून कोणीतरी टोपलीभर पाठवली होती. ती उशीला टेकून बसली होती, हातांच्या काड्या झाल्या होत्या. पार्टनर स्टुलावर बसून संत्रं सोलत होता, मी पायाशी.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझे दोन आणे ह्यांच्या नावावर करून टाका."

त्याचे हात थांबले नाहीत. "काहून?"

"काहून म्हणजे? मले काही समजत नाही का?"

"काय समजते?"

"तुम्हा दोघांले समजते तेच."

"वहिनी, तुम्हाले तर उन्हाळ्यात पाचवी मशीन तपासाची आहे. याले पेटी सांगून ठेवली मी. विचारा याले. फळ्या आणल्या का नाही बे?"

"आणल्या," मी म्हटलं. फळ्या आणल्या नव्हत्या.

"खोटं बोलून राहिले दोघंही."

"पार्टनर पार्टनरशी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला. माणूस एवढं सरळ खोटं बोलताना मी दुसरा पाहिला नाही.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. पाहता पाहता तिचा चेहरा सैल पडला. "बरं," म्हणाली. "मंग त्या शिरा तरी नीट काढा. कडू लागतात."

त्याने प्रत्येक फोडीची शीर न् शीर काढली. तिने दोनच फोडी खाल्ल्या.

बाहेर आल्यावर मी त्याची बाही धरली. "कागद खिशात आहे न तुह्या?"

"आहे."

"मंग जा न आत! मी मना केलं होतं, आता ती स्वतःच म्हणून राहिली. आता कोणतं कबूल?"

"म्हणत नव्हती बे ती. विचारत होती."

"काय विचारत होती?"

"मी मरून राहिली का, असं विचारत होती. तिले 'नाही' ऐकायचं होतं. मी 'नाही' म्हटलं."

"अन् कंपनी?"

तो खाली आपल्या चपलांकडे पाहत होता. "कंपनीले काय होते," म्हणाला. "कंपनीले दुखत नाही."

तो बरोबर होता का ते मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं तिला खरंच कागदच पाहिजे होता. माणसं मरताना हिशेबाची होतात, माझी आई झाली होती. कधी वाटतं, नाही, तो तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता, निदान त्या एका गोष्टीत. तो घरी गेल्यावर संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "भाऊजीचं कठीण आहे." आणि त्या दिवसापासून पाल दिसली तरी घाबरली नाही. म्हणजे तिला समजलंच होतं. तरी पुढे त्याच्याशी पाचव्या मशीनचं बोलायची. रंग कोणता लावायचा, समोरची पट्टी किती तिरपी. तो कागदावर काढून दाखवायचा. दोघं एकमेकांना सांभाळत होती आणि मी मध्ये बसून फळ्यांचे भाव सांगत होतो.

फाटकासमोरचा तो चहा झाला त्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. तिचा श्वास असा चालू होता की आपल्यालाच दम लागावा. साळा आधीच येऊन उभा होता. मी डोक्याशी बसलो. तिने मला ओळखलं. पार्टनरला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्याच्या बाजूला मान वळवली होती एवढं खरं. उन्हं उतरायच्या आत ती गेली.

रडणं वगैरे मी लिहीत नाही.

साळा माझ्या कानाशी वाकला. हळू बोलला, पण पार्टनरला ऐकू जाईल असं. "दाजी, अंग अजून गरम आहे. कागद त्याच्या खिशात आहे न? अंगठा लावून घ्या. कोणाले समजते? तुमच्याच फायद्याचं आहे. तिच्या मेहनतीचं आहे ते."

मी काय बोललो असतो ते माहीत नाही, कारण बोलायची वेळच आली नाही. पार्टनर उठून पलंगाच्या त्या बाजूला गेला. तिचा उजवा हात चादरीवर उघडा पडला होता. त्याने तिचा अंगठा तळव्यात दुमडला. त्यावर एकेक बोट मिटवलं. मग ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून तो स्टुलावर बसला. नर्सबाई चादर ओढायला आली. "सोडा," म्हणाली. त्याने सोडली नाही. तिने हात तेवढा बाहेर ठेवून चादर ओढली. गाडी येईपर्यंत तो तसाच बसून होता. साळ्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

तिला आम्ही घरी आणलं. सकाळी न्यायचं ठरलं, तिच्या बहिणी यायच्या होत्या.

सकाळी घर भरलं. आत जागा उरली नाही, तेव्हा बाया गल्लीत बसल्या. ऊन सकाळीच तापलं होतं. मी पायरीवर होतो. हातगाडीचा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर पार्टनर. एकटाच ओढत होता. गाडीवर चार पेट्या दोरीने बांधलेल्या. पडदे नाहीत, बोर्ड नाहीत, बटणं नाहीत. जिथे काच होती तिथे भोक. रात्रीतून खोलून काढलं असणार, कालचाच सदरा अंगावर होता.

साळा धावून गेला. "घरात बहीण पडली आहे माझी, अन् तू डबे घेऊन आला? लाज वाटत नाही का बे तुले?"

म्हाताऱ्या बायाही बोलल्या. एकीने तर पायातलं काढलं. त्याने दोऱ्या सोडल्या, पेट्या एकेक करून पाठीवर घेतल्या आणि भिंतीशी उतरवल्या. मदतीला कोणी उठलं नाही. मीही नाही. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"वहिनीनं कंपनीत आणलं होतं ते हे," म्हणाला. "पाहून घे. एकीचा कोपरा तुटला आहे, तो माह्या हातून. काचा अन् बोर्ड शेठच्या पैशाचे, हॉलमध्येच ठेवले. चाबी त्याच्या घरी देऊन आलो. काल संध्याकाळीच बंद झाली कंपनी, तिले माहीत होतं तसं."

"अन् तुझं?" मी विचारलं. "तू काय घेतलं?"

"मी काय आणलं होतं?" तो म्हणाला. "मी तर नुसता आलो होतो."

दारातून आत पाहिलं त्याने. आत गेला नाही. मग गल्लीकडे वळला. बाया डोक्यावर पदर ओढून उन्हात बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं होतं, ते घामाने निथळून रडत होतं. त्याने थोडा वेळ उन्हाकडे पाहिलं. भिंतीशी लावलेल्या पेट्या त्याने पुन्हा एकेक करून ढकलत गल्लीच्या उगवतीच्या बाजूला नेल्या आणि उन्हाकडे पाठ करून ओळीने उभ्या केल्या. एकमेकींना चिकटवून, मध्ये फट राहू दिली नाही. सावली पडली. तान्हं घेतलेली बाई आधी सरकली, मग तिच्या मागून बाकीच्या. सगळ्या सावलीत आल्या का ते त्याने दोन्ही टोकांना जाऊन पाहिलं. शेवटची पेटी थोडी तिरपी केली. मग रिकामी हातगाडी उचलली आणि निघून गेला.